घरात दिवसा मी असते

ग्लासगोच्या आमच्या घरात हीटिंग सकाळी आठला बंद व्हायचं ते संध्याकाळी पाचलाच सुरू व्हायचं. हे कामावर जायचे, मुलगी शाळेत. "दिवसा घरात कोण असतं?" असं म्हणून यांनी कपाटातला टायमर तसा लावून ठेवला होता. मी असायची. अंगात कोट आणि पायात दोन-दोन मोजे घालून मी कणीक मळायची. टायमरला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती.

टॅक्सच्या फॉर्मवर मात्र मी घरात होते. बायको आहे म्हणून यांना पगारावर जास्तीची सवलत मिळायची. फॉर्म भरताना हे म्हणायचे, "चला, तुझा तेवढा तरी उपयोग." ती सवलत मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही.

मग नव्वद साली नियम बदलले. तोवर बायकोचा पैसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरत, तो आता वेगळा धरू लागले. पुढच्या वर्षी यांचे एक मित्र, जे लोकांच्या टॅक्सचं काम बघायचे, रविवारी आमच्याकडे आले होते. पोहे खाता-खाता ते म्हणाले, "अरे, वहिनींचा अलाउन्स दरवर्षी फुकट जातोय. तुझं सेव्हिंग त्यांच्या नावावर टाक. व्याजावर एक पेनी टॅक्स जाणार नाही."

मलाही अलाउन्स असतो, म्हणजे माझ्या नावच्या ठरावीक रकमेपर्यंत टॅक्स लागत नाही, हे मला तेव्हा कळलं, चहा गाळताना.

"हिच्या नावावर?" हे हसले. "चौथी पास आहे ती. चेकबुक दिलं तर त्यावर भाजीची यादी करेल."

मित्रही हसले. पण मग म्हणाले, "एक लक्षात ठेव. पैसे खरंच त्यांचे व्हायला हवेत. नुसतं नाव लावलंस आणि टॅक्सवाल्यांनी विचारलं, तर पंचाईत होईल."

"अरे, ती कुठे जातेय पैसे घेऊन!"

मी कप ठेवले आणि आत गेले. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, आजही फुटत नाही. ऐकू मात्र सगळं येतं.

त्या आठवड्यात हे मला बिल्डिंग सोसायटीत घेऊन गेले. इथे लोक बँकेसारखी तिथेही बचत ठेवतात. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "हे पैसे आता तुमचे होणार, कळलं ना?" हे म्हणाले, "येस, येस." ती म्हणाली, "मी मिसेसना विचारतेय." मी "येस" म्हणाले आणि मराठीत सही केली. तिने ती सही नमुना म्हणून जपून ठेवली; पैसे काढताना तीच लागणार होती. घरी आल्यावर पासबुक यांच्या ड्रॉवरमध्ये गेलं.

वर्षाने व्याज जमा झालं. यांनी पैसे काढायची स्लिप स्वतः भरून आणली आणि ओट्यावर ठेवली. "सही कर. गाडीचं काम काढायचंय."

मी हात पुसले. बोलायचं मी कित्येक दिवस मनात घोकत होते. "अहो, व्याजातून दिवसाचं हीटिंग लावू या."

"दिवसा घरात कोण असतं?"

"मी असते."

"एका माणसासाठी अख्खं घर तापवायचं? पैसे काय झाडाला लागतात? कर सही."

"नाही करत."

"पैसे कुणाचे आहेत?"

"ज्याची सही लागते, त्याचे."

"अगं, ते टॅक्ससाठी! कागदावर!"

"मग टॅक्स ऑफिसला पत्र लिहा," मी म्हणाले, "की हे पैसे हिचे नाहीत, माझेच आहेत. ते पत्र तुम्ही पोस्टात टाका. मी लगेच इथे सही करते."

यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हात उगारतील. पण हे कोट चढवून दार आपटत कामावर गेले.

मी ड्रॉवर उघडून पासबुक घेतलं आणि चालत बिल्डिंग सोसायटीत गेले. एकटीने आत जायची ती पहिलीच वेळ. रांगेत दोनदा वाटलं, मागे फिरावं. माझा नंबर आला तेव्हा इंग्रजी पार विसरले. मी नुसतं पासबुक पुढे सरकवलं आणि व्याजाच्या आकड्यावर बोट ठेवलं. तेवढ्याने काम झालं; सही केली आणि व्याजाचे पैसे हातात आले. घरी येऊन टायमर सुरूच राहील असा केला.

पुढे बरेच दिवस आमच्यात भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंच बोलणं होतं. हे मित्राकडे जाऊन आले. त्यांनी काय सांगितलं ते मला कुणी सांगितलं नाही, पण टायमरला यांनीही परत हात लावला नाही. हीटिंग गॅसवर चालायचं; त्याचं बिल आलं की मी दिवसाचा भाग व्याजातून मोजून टेबलावर ठेवायची. आपण खर्चिक बाई आहोत, असं मला एकदाही वाटलं नाही. दिवसभर त्या घरात राबत होते, तर दिवसभर तिथे ऊब असायलाच हवी होती.

त्याच हिवाळ्यात हे एकदा ताप भरला म्हणून भर दुपारी घरी आले. आल्या-आल्या कपाळावर आठ्या. "काय उकडतंय इथे!"

"खिडकी उघडा," मी म्हणाले. "दिवसाचं बिल माझं आहे."

यांनी खिडकी उघडली नाही. बूट काढले, खुर्ची भिंतीवरच्या गरम रेडिएटरला लावली आणि पाय त्यावर टेकवून डोळे मिटले.