वाटा आणि वरचा एक बांगडा

मंडळी, आज वर्गात मी माती खाल्ली, आधीच कबूल करते.

मुरुडच्या वाचनालयात मी बायकांना प्रोग्रामिंग शिकवते. आजचा धडा व्हेरिएबलचा. मी नेहमीचं उदाहरण दिलं, डब्यावरचं नाव तेच, आतली वस्तू बदलते. कुणाला काही कळेना. मग मागून सत्तरीच्या हिरामावशी म्हणाल्या, "म्हंजे मासळीचा वाटाच की! नाव वाटा. आज ढिगात पाच बांगडे, उद्या चार."

मी खूश. म्हटलं, लिहा! मावशींनी लिहिलं: वाटा = 5 + "एक वर"

लाल अक्षरांत एरर आली आणि मी फटकन बोलले, "मावशी, आकड्यात शब्द कशाला घातलात?" त्यांनी पिशवी उचलली. "मला न्हाय जमायचं."

मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, "चूक माझी. आकडा आणि मजकूर हे वेगळे प्रकार, मशीनला त्यांची बेरीज येत नाही, हे मी शिकवलंच नव्हतं." त्यांनी 5 + 1 केलं. सहा आले. मावशी हसल्या.

मग म्हणाल्या, "साठ-बासष्ट साली माझी आय बाजारात बसायची. पोटुशी बाई समोर आली की न बोलता एक वर टाकायची. ह्या मशीनला कसं कळायचं, समोर कोन हाय?"

'समोर पोटुशी असेल तर एक वर' ही अट मशीनला कशी लिहून द्यायची, ते मी पुढच्या आठवड्यात शिकवेनच. पण समोरची बाई बघून आपोआप सैल सुटणारा तो हात? तुम्हीच सांगा, आकडा की मजकूर, तो कुठल्या प्रकारात लिहू?