सोळा इंची मर्व्हिन

आमचा शेजारी मर्व्हिन ट्रिफिट चर्चमध्ये लग्न-मयतापुरताच दिसायचा, पण सरपणाच्या शेडमध्ये मात्र टोपी काढून शिरायचा. खरं कारण एवढंच की शेडचं दार बुटकं आणि हा ताडमाड. पण चाळीस वर्षं रोज बघितल्यावर मलाही वाटायला लागलं होतं की आत कुणीतरी बसलेलं असणार.

बॉथवेलच्या वरच्या अंगाला आमची सहा घरं. आमच्याकडे, जगाच्या दक्षिण टोकाला, मे महिन्यात गवतावरचं दव गोठायला लागतं ते सप्टेंबरपर्यंत काही खरं नसतं. निलगिरीचं लाकूड दोन वर्षं वाळल्याशिवाय नीट पेटत नाही, म्हणून आज जाळायचं ते दोन वर्षं आधी कापून ठेवावं लागतं. बाकीचे आम्ही कसेबसे एक हिवाळा पुढे असायचो. मर्व्हिन दोन हिवाळे पुढे. आणि ते तो लपवायचा नाही. त्याची शेड रस्त्याकडून उघडी, चळत भिंतीसारखी सरळ. कुणी गाडी हळू करून बघितलं की हा पाठ करून उभा राहायचा, म्हणजे बघणाऱ्याला नीट बघता यावं.

सगळी लाकडं सोळा इंचांची. पंधराही नाही, सतराही नाही. कंबरेला सोळा इंची लाकडी पट्टी लटकवलेली, दोन्ही टोकांना पितळ ठोकलेलं. पडलेलं झाड मिळालं की आधी पट्टी लावून खडूनं खुणा करायच्या, मग चेनसॉ सुरू. पेट्रोलची टाकी संपली की बसून साखळीच्या एकेका दाताला कानस मारायची. तोवर मी माझं निम्मं झाड उरकून चहा प्यायलेली असायची.

माझं माप माझ्यापाशीच असतं. कोपर ते मूठ, तेवढा एक तुकडा. शाळा मी बाराव्या वर्षी सोडली ती सफरचंदं तोडायला, तेव्हा इंचाबिंचाशी माझं फार जमलं नाही. माझ्या नवऱ्यानं, लिंडसेनं, वारायच्या आदल्या वर्षी मला एक छोटा चेनसॉ आणून दिला होता, त्यावर माझं अजून चालतं. कापलेलं थोडं तिरकं जातं, एवढंच.

"डॉट," मर्व्हिन कुंपणावरून म्हणायचा, "हे सरपण आहे की कुत्र्यानं चघळलेली हाडं?"

"जळतं ना?"

"जळायला काय, खुर्चीपण जळते."

असं आमचं चाळीस वर्षं चाललेलं. त्याची बायको एल्वा मधे बसून विणकाम करायची आणि दोघांनाही म्हणायची, "झालं तुमचं?"

मग एल्वाची छाती धरायला लागली. घर ऊबदार ठेवायची त्यांची जुनी शेगडी फटीफटीतून धुरायची. तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं, या धुरात हिला आणखी एक हिवाळा काढता यायचा नाही. त्यांची मुलगी रोंडा लॉन्सेस्टनला असते. तिनं नवी शेगडी धाडली, काचेच्या दाराची, दार घट्ट बंद होणारी, धुराचा कणही बाहेर येणार नाही अशी. माणसं आली, जुनी उचलून नेली, नवी बसवून गेली.

मर्व्हिननं पहिलं लाकूड आत सरकवलं. दार लागेना. तिरकं घातलं. लागेना. शेगडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, लाकूड चौदा इंचांपर्यंत.

शेडमध्ये दोन हिवाळ्यांचं सरपण रचलेलं, आणि त्यातलं एकही आत जाईना.

मी हसले नाही. म्हणजे त्याच्यासमोर नाही.

त्यानं तीन दिवस चेनसॉ घेऊन प्रत्येक लाकडाचं दोन इंचांचं टोक उडवायचा घाट घातला. फोडलेलं लाकूड मशीनखाली स्थिर राहत नाही, गडगडतं, उडतं. तीन दिवसांत दोन ढकलगाड्या भरल्या आणि अंगठ्याला मलमपट्टी आली. बारा टन असं कापायचं तर तो ऐंशीचा झाला असता. मग त्यानं काय करावं? दार किलकिलं ठेवून शेगडी पेटवली. धूर सगळा घरात, आणि एल्वा खोकत खोकत माझ्या स्वयंपाकघरात.

ती रोज यायला लागली. संध्याकाळचं जेवण झालं की लोकरीची पिशवी घेऊन माझ्या चुलीपाशी. माझी चूल म्हणजे आजेसासूच्या वेळचं लोखंडी धूड, त्यात काहीही मावतं. तासाभरानं मर्व्हिन तिला न्यायला यायचा आणि माझ्या सरपणाच्या पेटीकडे न बघता उभा राहायचा.

रोंडाचा फोन आला. जूनच्या पहिल्या शनिवारी ती येणार. तोवर घर बिनधुराचं झालं नसेल, तर हिवाळाभर आईला घेऊन जाणार.

"हिवाळाभर म्हणजे कायमची," एल्वा मला म्हणाली. "लॉन्सेस्टनला सोळाव्या मजल्यावर बसून मी काय करू?"

"रोंडा दुसऱ्या मजल्यावर राहते."

"मला सगळं सारखंच."

मी उठले आणि मर्व्हिनकडे गेले. तो अंधारायच्या आत शेडमध्ये एकेक लाकूड हातात घेऊन बघत होता, एखादं तरी आखूड निघेल म्हणून. चाळीस वर्षांत एकही चूक केली नव्हती बिचाऱ्यानं.

"मर्व्ह, माझं लाकूड तुझ्या शेगडीत जातंय. एल्वानं सुतळीनं मोजलं. तुझं मला दे, माझं तू ने."

त्यानं हातातलं लाकूड परत चळतीत बसवलं.

"तुझं वाकडं सरपण माझ्या शेडमध्ये? लोक रस्त्यानं जातात, डॉट."

"जाऊ देत की. एल्वापण त्याच रस्त्यानं जाणार आहे, शनिवारी."

मी परत आले. दुसऱ्या दिवशी एल्वा आली ती लोकरीची पिशवी न घेता. न्यायला आलेल्या मर्व्हिननं विचारलं तेव्हा म्हणाली, "ती बॅगेत भरली. तिकडे विणायला लागेल ना."

गुरुवारी सकाळी सहाला त्याची गाडी माझ्या शेडपाशी उभी.

"तुझी शेड झुकलीय," तो म्हणाला. "आतलं वजन काढायला पाहिजे."

"किती झुकलीय?"

"झुकलीय. मी सांगतोय ना."

"मग काढ बाबा. मी अडाणी बाई, मला काय कळतं."

दोन दिवस आम्ही इकडचं तिकडे केलं. माझ्या शेडमध्ये त्याच्या सोळा इंची लाकडांची भिंत उभी राहिली. हात लावायलाही भीती वाटावी इतकी नीट. शेड आधी झुकलेली असलीच, तर आता तीसुद्धा सरळ झाली. त्याच्याकडे मात्र त्यानं एक युक्ती केली. रस्त्याकडच्या दोन रांगा स्वतःच्या तशाच ठेवल्या आणि माझी हाडं त्यांच्यामागे दडवली. दोन रांगांच्या आडून ती काढायची तर अंग चोरून, श्वास आत ओढून शिरावं लागायचं. टोपी काढायचीच, शिवाय पोटही आत घ्यायचं.

शनिवारी रोंडा आली. घर उबदार, काच स्वच्छ, आत ज्वाळा डुलत होत्या. एल्वा खुर्चीत विणत बसलेली. बॅग कुठे दिसली नाही.

रोंडानं पेटीतलं एक लाकूड उचललं, फिरवून बघितलं. "बाबा, हे तुम्ही कापलंय?"

मर्व्हिन खिडकीबाहेर बघत होता.

"चांगलं जळतं," तो म्हणाला.

रोंडा माझ्याकडे वळली. "डॉटमावशी?"

"मला काय विचारतेस? माझ्याकडे सगळं सरळ लाकूड आहे. जाऊन बघ."

ती चहा पिऊन, स्कोन खाऊन, संध्याकाळच्या आत एकटीच परत गेली.

ऑक्टोबरात मोठ्या वादळानं खालच्या कुरणातली एक जुनी निलगिरी पाडली आणि आम्ही तिघं गेलो. एल्वा गाडीत थर्मास घेऊन बसली होती, काच खाली करून, खोकत नव्हती. मी माझा चेनसॉ काढला. मर्व्हिननं अजून आपल्या चेनसॉला हात लावला नव्हता.

"डॉट, इकडे ये. हात पुढे कर."

"कशाला?"

"कर म्हटलं ना. कोपर वाकव. मूठ मीट. अशी नाही, घट्ट. रोज कापताना धरतेस तशी."

त्यानं कंबरेची पट्टी सोडवली आणि माझ्या हाताला लावली. कोपरापासून मुठीपर्यंत. खडूनं खूण केली, दोनदा तपासली, मग पट्टी ओंडक्यावर ठेवून छोट्या करवतीनं टोक कापून टाकलं. पितळाचा तुकडा गवतात पडला. तो उचलून त्यानं खिशात ठेवला.

"चाळीस वर्षांची पट्टी," मी म्हणाले. "आता एका टोकाला पितळ नाही राहिलं."

"तुझ्या हाताला तरी कुठं आहे," मर्व्हिन म्हणाला, आणि पहिली खूण करायला वाकला.