तीन भाऊ आणि एक नंबरचा चॅनल

कापसाचा भाव पडला होता त्या साली राळेगावकडच्या एका जिनिंग मिलमध्ये मी वाय-फाय बसवायला गेलो होतो. मालक तीन सख्खे भाऊ. एकमेकींना लागून तीन केबिनी, म्हणून वाय-फायची यंत्रंही तीनच हवी. जवळजवळची यंत्रं एकाच चॅनलवर ठेवली तर एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतात, म्हणून मी तिघांना एक, सहा आणि अकरा असे वेगळे चॅनल दिले.

मधला माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावला. "मोठ्याले एक अन् मले सहा? मी काय सावत्र आहो?" अकरा ऐकून धाकट्याचं तोंडच फुगलं. मी दोनदा समजावलं. कास्तकाराच्या कापसाचा भाव पाडताना सुरीसारखी चालणारी यांची अक्कल इथे मात्र गंजली होती. शेवटी थोरल्याने निवाडा केला, "सगळ्यायले एक नंबर द्या, अन् पावर फुल करा." दिला.

दुसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला. "वजनकाट्यावर नेट अडकते, पावती निघून नाही राह्यली. तुमचा माल डुप्लिकेट हाये."

मी म्हटलं, "दोन बंद करा, तिसरं झकास चालेल."

बंद कोणाचं करायचं यावरून पलीकडे तिघांची जुंपली. मागे रस्त्यापर्यंत खोळंबलेल्या कापसाच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तेवढे ऐकले आणि फोन ठेवला.