रिपोर्ट नॉर्मल, तरी गर्भ टिकेना

"रिपोट नारमल हाये ना, डॉक्टरसाहेब? मंग खोट सुनेतच हाये. आमी राजूसाठी दुसरी पोरगी पाहून राहिलो."

गिरजाबाईंनी हे मुलगा राजू आणि सून सुनीता यांच्या देखत सांगितलं. सुनीताचे दोन गर्भ पडले होते. तिच्या तपासण्यांत काही सापडलं नव्हतं. राजूच्या शुक्राणूंचा काउंट चांगला, हालचाल चांगली. खाली सही माझी. माझ्याच सहीच्या जोरावर या पोरीला घराबाहेर काढणार होते, आणि मला भयंकर राग आला.

तुमसरमध्ये मी वंध्यत्वावर उपचार करतो. राजू राईस मिलमध्ये बॉयलरच्या धगीत काम करायचा. गालात कायम खर्रा, म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण.

"काउंटमध्ये फक्त डोकी मोजतात," मी म्हणालो. "आतलं बिघडलेलं दिसत नाही. मिलमधला उकडलेला धान दिसतो भरलेला, पण पेरला तर उगवतो का?"

राजूचा चेहरा पडला. "मंग मी उकडलेला धान झालो का?"

उदाहरण अंगाशी आलं. उकडलेल्या धानाला पुन्हा कोंब फुटत नाही. राजूचं तसं नव्हतं.

"नाही रे! शेतातली मोटर धर. मोटर चांगली, वायर चांगली, पण स्टार्टर बंद. पाणी येईल?"

"कायचं येते!"

वायर म्हणजे आपली जनुकं. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा, म्हणजे स्टार्टर, ठरवतात. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. तंबाखूने, उष्णतेने या खुणा विस्कटू शकतात, आणि गर्भ न टिकण्यात त्यांचाही हात असू शकतो. पण शुक्राणू सतत नवे तयार होतात, म्हणून सुधारायला वाव असतो, हे मी त्यांना समजावलं.

"ग्यारंटी देता का?" गिरजाबाईंनी विचारलं.

"नाही. पण दुसरी सून आणली तरी शुक्राणू याचेच राहतील, मावशी."

सुनीताने पहिल्यांदा मान वर केली.

"आत्ताच धानाची रोवणी, म्हणजे लावणी, झाली ना?" मी म्हणालो. " कापणीपर्यंत थांबा. खर्रा बंद, बॉयलर बंद." नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा, साधारण तीन महिन्यांचा, काळ पुरतो.

"थांबतो," गिरजाबाई कशाबशा म्हणाल्या.

राजूने मिलमध्येच पॅकिंगचं काम मागून घेतलं. खर्रा सोडताना घरात भांडी आपटली म्हणे. कापणीनंतर काही महिन्यांनी सुनीताला दिवस गेले, आणि या वेळी गर्भ टिकला. मुलगी झाली. खर्रा सुटल्यामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

परवा गिरजाबाई शेजारच्या जोडप्याला घेऊन आल्या. मी नवऱ्याचा रिपोर्ट उघडला.

"रिपोट मंग पाहा, डॉक्टरसाहेब. पयले याले तोंड उघडाले लावा."

आता मीही त्याच क्रमाने तपासतो: आधी गालातला खर्रा, मग रिपोर्ट.