पापनाशमचा अनिवासी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारे फारसे उरले नाहीत. म्हणूनच हे बिनधास्त लिहितो आहे.

आयुष्यभर मी सरकारी कॉलेजात कॉमर्स शिकवलं. आयकर हा माझा खास विषय. निवृत्त झालो आणि पेन्शनीतूनही कर कापला जातो हे पाहून डोकं तापलं. त्यात चेन्नईच्या एका सल्लागाराने व्हिडिओ कॉलवर समजावलं, की आखातात फ्लॅट घ्या, रहिवासाचा परवाना मिळेल, आणि तिथे आयकर म्हणून नाहीच. टाय लावलेला माणूस खोटं कशाला बोलेल? फ्लॅटसाठी पैसा हवा, आणि विकण्याजोगं माझ्याकडे एकच होतं, जवळच्याच पापनाशम गावचं वडिलार्जित भातशेत.

परवाना यायच्या आधीच मी गल्लीत बातमी सोडली. आमच्याकडे दूरदेशी जाणाऱ्याला घरोघरी जेवायला घालतात, विडा-नारळ देतात, आणि एकदा नारळ घेतला की माणसाने गेलंच पाहिजे. मी डांगर पचडी आणि पुरणपोळ्या हाणत फिरलो. बायको म्हणाली, आधी जाणं ठरू द्या, मग जेवा. मी म्हटलं, पोळी गरम असतानाच खावी.

शेवटचं जेवण तिरुवैयारूला, थोरल्या बहिणीकडे. शेतात अक्काचाही वाटा. तिच्या सहीवाचून विक्री अडली होती. अक्का गाणं शिकवते. शिष्य चुकला तर रागावत नाही, त्याच्याकडून तीच ओळ पुन्हा म्हणवून घेते.

जेवणं झाल्यावर मी कागद पुढे केला. तिने पेन घेतलं नाही.

"तिथे कर नाही म्हणतोस?"

"एक पैसा नाही, अक्का."

"तुझ्या पेन्शनीवरसुद्धा?"

पेन्शन इथल्या सरकारची, तिच्यावरचा कर इथेच लागणार, हे मी जरा खालच्या पट्टीत सांगितलं.

"बरं. पापनाशमच्या भातावर किती भरतोस?"

"शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. हेच वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. माझ्या स्वतःच्या कानात ते त्या दुपारी पहिल्यांदा शिरलं.

"म्हणजे ज्यावर कर नाही ते विकून, जिथे कर नाही तिथे निघालास," अक्का म्हणाली. "हाकेवरच्या कुंभकोणमला जायला काशीची गाडी धरलीस रे."

तिने कागद उलटा केला आणि त्यावर माझ्या कॉफीचा पेला ठेवला. सहीचा विषय तिथेच संपला.

शेत वाचलं, पण नारळांचं काय? ते परत करायची रीत नाही, आणि बायकोने निम्मे खवलेही होते. गल्लीत तोंड दाखवणं अशक्य झालं. शेवटी चाकांची मोठी बॅग ओढत, दारादारांतून हात हलवणाऱ्यांना हात हलवत मी निघालो आणि पापनाशमच्या बसमध्ये बसलो. सध्या मुक्काम शेतावरच्या खोलीत. डास भरपूर. सल्लागाराचे फोन येतात, पण सुदैवाने रेंज नसते. बायको रविवारी डबा घेऊन येते आणि गल्लीत सांगते, मी देवदर्शनाला गेले होते.

भाऊ कुठे असतो हल्ली, असं लोक अक्कालाही विचारतात. ती म्हणते, "जिथे कर नाही तिथे." अक्का कधी खोटं बोलत नाही.