रक्त रेंगाळतं तिथं

कस्तुराबाईंना दाढ काढून टाकायची होती. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात त्या टॉवेलच्या कडा शिवायच्या. जिना चढला की जबडा ठणकायचा, टेकलं की थांबायचा. नवी पेठेतल्या दातांच्या डॉक्टरनं सगळं तोंड तपासलं. दाढ शाबूत होती. चढतानाच दुखतं म्हटल्यावर त्यानं त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

अँजिओग्राफीत हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथंच चरबीचा थर सापडला. स्टेंट बसवला. नवरा बाळासो दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. मुलगी रेश्मा पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आली ती डोळे सुजवूनच. कस्तुराबाईंना मात्र काहीच वाटलं नाही. भीती नाही की सुटल्यासारखं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दल बोलणं चाललंय तसं त्या ऐकत राहिल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. कस्तुराबाईंनी एकच विचारलं, "रगात तर सगळीकडं एकच की. मग हितंच का साचलं?"

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बीपी आणि चरबी दोन्ही वाढलेली होती, त्याचा त्रास सगळ्याच रक्तवाहिन्यांना, ते म्हणाले. पण सरळ भागात रक्त जोरानं, एका दिशेनं घासत जातं आणि त्या घासण्यानंच आतलं अस्तर धड राहतं. फाट्यापाशी बाहेरच्या कडेला ते रेंगाळतं, मागंपुढं हेलकावतं. तिथलं अस्तर सुजतं, चरबी आत शिरू देतं.

"किती दिस झालं असतील?"

"दिवस कसले, मावशी. वीसेक वर्षं तरी."

वीस वर्षांपूर्वी रेश्मा शाळेत होती. एवढी वर्षं ते आत वाढत होतं आणि आपण कडा शिवत होतो. याचं वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. पण वाटलं नाही. दुसऱ्या एका फाट्यावर बारीक थर होता. त्याला गोळ्या पुरे, असं डॉक्टर म्हणाले.

घरी नणंद तानाबाई भेटायला आली. सगळं मनाला लावून घेतल्यानं झालं, असं तिचं म्हणणं. तिनं आणलेली शेंगाचटणीची बरणी बाळासोंनी, आता तेल-मीठ नको म्हणून, परत तिच्याच पिशवीत घातली. कस्तुराबाई चहा पीत होत्या. चहाला चव लागत नव्हती.

महिन्याभरानं त्या बाळासोंना म्हणाल्या, "अवो, तुमीबी एकदा तपासून घ्या."

"मला काय झालंय?"

"मला तरी कुटं काय झालं हुतं?"

बाळासो पट्ट्यावर चालायची तपासणी द्यायला आत गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, छातीवरून लोंबणाऱ्या वायरी दिसत होत्या. पट्टा वेगानं फिरायला लागला तसा त्यांचा पाय जरा अडखळला. कस्तुराबाई उठून उभ्या राहिल्या. हातातल्या पिशवीसकट काचेपाशी गेल्या. नर्सनं बसायला सांगितलं, पण त्यांना बसवेना.

तपासणी ठीक निघाली, फक्त बीपी वाढलेलं होतं. बाळासो घाम पुसत बाहेर आले आणि तू का उभी, म्हणाले.

"लई भ्या वाटलं," त्या म्हणाल्या.

बाळासोंनी पिशवी घेतली. दोघं गोळ्या घ्यायला खाली उतरले.