कुणी खोडलं?

टिंचरचा वास आला की भालकी तालुक्यातल्या एका पंचायतीतली दुपार आठवते. घरात पहिलीच पदवीधर झालेली मी, तिथल्या कर्मचाऱ्यांना एआय वापरून सरकारी याद्या कशा करायच्या ते शिकवत होते. घरकुलाच्या यादीसाठी नियम मीच घातला होता: ज्यानं चार महिने रेशन उचललं नाही, तो गाव सोडून गेला असं धरून त्याचं नाव खोडायचं. म्हातारे कारकून अण्णा म्हणाले होते, "अक्का, ऊसतोडीला गेलेले असतील की." "आकडे खोटं बोलत न्हाईत, अण्णा," मी हसून म्हणाले. यादी भिंतीवर लागली आणि चौथ्या दिवशी तोडणीहून परतलेला एक माणूस कोयता घेऊनच आत शिरला. "मी मेलोय व्हय? माझं घर कुणी खोडलं?" पहिल्या घावात लॅपटॉप फुटला. दुसरा माझ्यावर येत होता, तेवढ्यात अण्णांनी हात मध्ये घातला. रक्त कागदांवर, माझ्या ओढणीवर उडालं. लोकांनी त्याला पाडून लाथांनी तुडवलं, दात फरशीवर पडले, तरी तो विचारतच होता, "कुणी खोडलं?" दवाखान्यात अण्णांच्या जखमेला टिंचर लावत असताना फौजदारानंही तेच विचारलं. अण्णा कण्हत म्हणाले, "यादी मीच केली, साहेब." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "कामून रडायलीस? आत्ता कुठं शिकून वर आलीस." फौजदारानं अण्णांचं नाव लिहून घेतलं; मी लिहू दिलं. तो माणूस तुरुंगात गेला, अण्णांची नोकरी गेली आणि मला पुढची नेमणूक मिळाली. आज मी मोठ्या अधिकाऱ्यांना शिकवते, लोक मान देतात. अण्णा, तो नियम माझा होता, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.